तळ्यावर फ्लायने ट्राउट पकडायचा तर कास्ट किती लांब जायला हवा?

तुम्ही विचारलंय की नुकताच इंग्लंडमधल्या लेस्टरला आलोय, जवळच्या रटलंड वॉटर तळ्यावर ट्राउटसाठी फ्लाय फिशिंग (गळाला पिसं-दोरा गुंडाळून केलेला नकली किडा, म्हणजे फ्लाय, टाकून मासेमारी) सुरू करायचंय, तर पहिला रॉड कोणता घेऊ आणि कास्ट, म्हणजे फेक, किमान किती मीटर जायला हवा.

रॉडचं लगेच सांगतो. दहा फुटी, सात नंबरचा (हा नंबर लाइनच्या वजनाचा), त्यावर सात नंबरचीच तरंगणारी लाइन. स्वस्तातला चालतो. विषय संपला.

कास्टच्या प्रश्नावर मात्र मी जरा चिडूनच लिहितोय, कारण 'किमान पंचवीस मीटर, नाहीतर तळ्यावर येऊच नका' हे वाक्य मी आमच्या साडूभाऊंच्या तोंडून चार वर्षं ऐकलंय. मला आठ मीटर पुरले.

मी सांगलीचा. कृष्णेच्या घाटावर गांडूळ लावून चिलापी धरण्यात बालपण गेलं. त्यामुळे इकडे आल्यावर पहिल्यांदा फ्लायचा रॉड हातात घेतला तेव्हा वाटलं, यात काय मोठंसं. तीन आठवडे फक्त टोपीला गळ अडकला. गांडुळाच्या गळाला शिशाचं वजन असतं, ते दोरा ओढत नेतं. इथे फ्लायला वजनच नाही, वजन लाइनचं. म्हणून मागे फेकल्यावर लाइन पूर्ण सरळ होईस्तोवर थांबावं लागतं. हे थांबणंच आम्हाला जमत नाही.

एप्रिल संपता संपता एका सकाळी दोघं गेलो. साडूभाऊ छातीपर्यंतचे वेडर्स (पाणी आत न येणारी बूट-विजार) घालून कमरेएवढ्या पाण्यात, मोठा पांढरा ल्यूर, म्हणजे छोट्या माशासारखा भासणारा फ्लाय, लांबवर फेकून सपासप ओढतायत. मी काठावरच, गुडघ्यावर बसून. मला बघून म्हणाले, "अहो, मासे तिकडे आहेत, तुम्ही काठाला काय गोंजारताय?"

पण काठाजवळ पाण्यावर कागदासारख्या पातळ, फिकट साली तरंगत होत्या. ह्या बझरच्या. बझर म्हणजे डासासारखा दिसणारा, पण न चावणारा कीटक. अळी गाळात राहते, मग कोष होऊन सावकाश वर येतो आणि पृष्ठभागाखाली लटकून राहतो. ट्राउटला तो आयता घास. वारा डाव्या खांद्यावरून येत होता, उजव्या हाताने फेकणाऱ्याला तो बरा. मी बारा नंबरच्या गळावरचा काळा नकली बझर, चार मीटरचा लीडर (लाइनच्या टोकाचा बारीक दोरा), असा समोर टाकला आणि हात आवरला. ओढायचं नाहीच. लाइनमधली ढील तेवढी बोटांनी गोळा करायची. लाइन लीडरला जिथे जोडलेली असते तिथे नजर ठेवायची. ती जोड एकदम पाण्याखाली सरकली. झटका नाही, काही नाही, जणू कोणी हळूच चादर ओढली.

रेनबो ट्राउट. अंदाजे दोन किलोचा. साडूभाऊ रिकाम्या हाताने बाहेर आले आणि म्हणाले, "लागला तुमचा आंधळ्याचा तीर."

इथे लोक मासा मारल्यावर लांब दांड्याचा अरुंद चमचा त्याच्या घशातून पोटात घालतात, फिरवून बाहेर काढतात. मी चमच्यातलं ते पांढऱ्या बशीत थोड्या पाण्यात सोडलं. काळे कोष. मोजले तर सदतीस. दोन तर अजून वळवळत होते. पांढऱ्या ल्यूरसारखं त्यात काहीही नव्हतं. म्हणजे मासा काय खातोय आणि कुठे, ते दोन्ही मला आधी दिसलं होतं. यात नशीब कुठे आलं? तरीही दर गणपतीत सगळ्यांसमोर 'तो एक लागला होता यांना' अशी सुरुवात होतेच.

तर तुम्ही गवतावर लीडरला लोकरीचा तुकडा बांधून दहा मीटर नीट, सरळ पडेल इतका सराव करा. पाण्यात शिरण्याआधी दहा मिनिटं काठावर उभं राहून बघा. पहाटे मासा बऱ्याचदा तुम्ही जिथे पाय ठेवणार तिथेच असतो. साडूभाऊ त्यांना रोज पळवून लावून मग त्यांच्या मागे पंचवीस मीटर फेकतात.

आता राहिलेलं. डोळ्यावर चष्मा हवाच, उन्हाचा असला तरी चालेल. वारा फिरला की गळ थेट कानावर येतो, अनुभव आहे. सरकारी रॉड लायसन्स वेगळं आणि तळ्याचं दिवसाचं तिकीट वेगळं, दोन्ही लागतात. आणि हो, भर उन्हाळ्यात पाणी तापलं की ट्राउट थंडाव्याला खोल जातो. तेव्हा काठावर बसून काही होत नाही. बुडणारी लाइन आणि लांब कास्टच लागतो, किंवा बोट. ऑगस्टपुरतं साडूभाऊंचं बरोबर आहे.

पण ती सकाळ एप्रिलमधली होती, आणि बशीचा फोटो मी अजून डिलीट केलेला नाही.