मोटरीला उलटा हात लावून बघा

वीज आणि आपण : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : अक्कलकोट रोडच्या औद्योगिक वसाहतीत माझे टॉवेलचे १२ माग आहेत. दोन पाळ्या चालतात. वीजबिल भरताना दर महिन्याला दम निघतो. डिसेंबरात ‘महाऊर्जा’चे फलक दिसतात. ही वीज कंपनीचीच शाखा आहे का? आमच्यासारख्या छोट्या कारखानदाराला तिचा उपयोग काय? की सरळ छतावर सोलर टाकून मोकळं व्हावं? कुणी सांगतं, त्यावर ७८ हजार अनुदान आहे.
— एक कारखानदार, सोलापूर

उत्तर : मालक, सोलरकडे शेवटी येऊ. महाऊर्जा म्हणजे महाराष्ट्र ऊर्जा विकास अभिकरण. ती वीज कंपनी नाही, एक युनिटही विकत नाही. राज्य शासनाची ही संस्था १९८५ साली नोंदली गेली, १९८६ च्या जुलैत कामाला लागली. मुख्यालय पुण्यात. सौर, पवन आणि आपल्या जिल्ह्याला जवळची साखर कारखान्यातली बगॅस म्हणजे उसाचं चिपाड जाळून होणारी सहवीज, यांना चालना देणं हे तिचं मूळ काम. २००१ चा ऊर्जा संवर्धन कायदा आला आणि राज्यात वीज वाचवण्याचं कामही तिच्याकडेच सोपवलं गेलं. १४ डिसेंबर हा राष्ट्रीय ऊर्जा संवर्धन दिवस, म्हणून तेव्हा फलक लागतात. पण तुमच्या कामाची गोष्ट फलकावर नसते. ती आहे ऊर्जा परीक्षण. कारखान्यात येऊन, मीटर लावून, वीज कुठे जाते ते मोजायचं आणि लिहून द्यायचं. अशा परीक्षणाच्या खर्चाला अनुदान देण्याचा कार्यक्रम या संस्थेने अनेक वर्षं चालवला, परीक्षकांची सूचीही ठेवली. पुण्याला फोन करून सध्याच्या अटी विचारा आणि परीक्षक त्या सूचीतलाच घ्या.

मी हेच काम करते, आणि ते मला शिकवलं माझ्या वडिलांनी. ते सोलापूरच्या पूर्व भागात जॉबर होते, म्हणजे माग दुरुस्त करून चालते ठेवायचे. माग कुरकुरला की आधी धोटा बघायचे, मग पट्टा, मग मोटरीला हाताची उलटी बाजू लावायचे. चटका बसला की म्हणायचे, “ही कापड विणत नाही, पाणी तापवते.” त्यांच्याकडे वॅट दाखवणारा मीटर नव्हता. माझ्याकडे आहे, पण सुरुवात मी अजून उलट्या हातानेच करते.

गेल्या उन्हाळ्यात ८ मागांच्या एका कारखान्यात गेले होते. सगळ्या मोटरी एक हॉर्सपॉवरच्या, सगळ्या मागांवर एकच टॉवेल. दारापासून तिसऱ्या मागाची मोटर शेजारच्या मोटरीपेक्षा ९० वॅट जास्त खात होती. विचारलं तर ती चार वेळा रिवाइंड झालेली, म्हणजे जळाल्यावर आतली तार काढून नवी भरलेली. दोष रिवाइंडिंगचा नाही, करण्याच्या पद्धतीचा आहे. जुनी तार लवकर निघावी म्हणून स्टेटर, म्हणजे मोटरीचा न फिरणारा तारेचा भाग, सरळ आगीत धरतात. त्यात लोखंडी पत्र्यांमधला पातळ थर जळतो आणि मग ते लोखंड आतल्या आत तापत राहतं. वर तार मूळच्यापेक्षा बारीक भरली की झालंच. मोटर फिरते, माग चालतो, म्हणून कुणाला शंकाही येत नाही. ९० वॅट, १६ तास, महिन्याचे २५ दिवस : ३६ युनिट. एका मोटरीचे.

तुमच्या १२ पैकी अशा चार निघाल्या, तर १४४ युनिट. शेडमध्ये जुन्या चोकच्या २४ ट्यूब असतील तर त्या चोक धरून ५५-५५ वॅट घेतात. २० वॅटच्या एलईडी लावल्या की याच हिशेबाने महिन्याला ३३६ युनिट वाचतात. दोन्ही मिळून ४८०. आता सोलर. एक किलोवॅटचं पॅनल आपल्याकडे दिवसाला साधारण ४ युनिट देतं, म्हणजे महिन्याला १२०. हे ४८० युनिट आधी वाचवले नाहीत, तर निव्वळ वाया जाणाऱ्या विजेसाठी तुम्ही ४ किलोवॅटची पॅनलं विकत घ्याल. आणि ती ७८ हजारांची गोष्ट पीएम सूर्य घर योजनेतली, फक्त घरांसाठीची. कारखान्याला ती लागू नाही. तुमच्या शेडवर पत्रे असतील, तर पॅनल टाकण्याआधी पत्रे पेलणाऱ्या खालच्या कैच्या तपासून घ्या.

जळालेली मोटर पुढच्या वेळी रिवाइंडिंगला धाडण्याआधी नव्या जास्त कार्यक्षमतेच्या मोटरीची किंमत विचारा आणि दोन्ही आकडे वहीत शेजारी शेजारी लिहा. रिवाइंडच करायची असेल तर स्टेटर आगीत धरणार नाही, एवढं आधी कबूल करून घ्या.

प्रश्न : ताई, मोहोळ तालुक्यात आमची साडेतीन एकर आहे. सोलर पंप मंजूर झाला, आज रात्रीपर्यंत ‘नोंदणी शुल्क’ भरा, असा मेसेज आलाय. भरू का?
— एक शेतकरी भगिनी

उत्तर : भरू नका! शेतकऱ्यांना अनुदानावर सोलर पंप देणाऱ्या कुसुम योजनेच्या नावाने खोट्या वेबसाइट आणि मेसेज फिरतात. माझ्या मावसभावाचे पैसे असेच गेले, अजून परत आलेले नाहीत. ‘आज रात्रीपर्यंत’ म्हटलं की समजायचं. अनोळखी माणसाच्या मोबाइल नंबरवर एक रुपयाही पाठवू नका. आधी महाऊर्जा किंवा महावितरणच्या कार्यालयात स्वतः जाऊन अर्जाची स्थिती बघा, आणि पैसे गेलेच तर लगेच १९३० ला फोन लावा. या योजनेत सर्वसाधारण शेतकऱ्याचा वाटा किमतीच्या १० टक्के, अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्याचा ५ टक्के. अडीच एकरांपर्यंत ३ हॉर्सपॉवर, पाचपर्यंत ५, त्यापुढे साडेसात. म्हणजे तुमचा ५ चा. पंप दिवसा चालतो, रात्री बॅटरी घेऊन दारं धरायला जाणं टळतं. पॅनलवरची धूळ मात्र पुसत राहा.

प्रश्न : आई कुंभारीच्या घरकुलात दिवसभर विड्या वळते. तंबाखू उडते म्हणून पंखा कमीवरच ठेवते. मग नवा कमी विजेचा पंखा घेऊन फायदा होईल का?
— एक विद्यार्थिनी

उत्तर : होईल. तुमच्याकडे जुना डब्यासारखा रेग्युलेटर असेल, तर पंखा कमी केला तरी बरीच वीज त्या डब्यात उष्णता होऊन जाते. हात लावून बघ, गरम लागेल. साधा पंखा पूर्ण वेगाला ७५ वॅट घेतो, बीएलडीसी म्हणजे तू म्हणतेस तो नवा कमी विजेचा पंखा ३० च्या आसपास, आणि कमी वेगावर तर दहाच्या आसपास येतो. दुकानात वेग एकवर ठेवून चालवून दाखवायला सांग, म्हणजे आईच्या सुपातली तंबाखू उडेल की नाही ते तिथेच कळेल. १ जानेवारी २०२३ पासून छताच्या पंख्यांना तारांकन, म्हणजे वीज किती वाचते ते सांगणारे तारे, सक्तीचं आहे, तेव्हा तारे नसलेला पंखा घेऊ नकोस. आणि तो जुना रेग्युलेटर काढायला लाव, बीएलडीसी पंखा त्याच्यावर चालवायचा नसतो.