कंपायलर बांधताना : रस्टविषयी वाचकांचे प्रश्न

रस्ट या प्रोग्रॅमिंग भाषेच्या कंपायलरमध्ये (कोडचे मशीन कोडमध्ये रूपांतर करणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) किंवा स्टँडर्ड लायब्ररीत स्वतः बदल करू पाहणाऱ्या वाचकांचे प्रश्न या वेळी घेतले आहेत. एकाच अडचणीचे प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न : रस्टची रिपॉझिटरी (सोर्स कोडचा साठा) क्लोन करून बिल्ड लावला. कित्येक तास नुसत्या एलएलव्हीएमच्या फाइली कंपाइल होत होत्या आणि शेवटी 'सिग्नल 9' असे येऊन बिल्ड पडला. लॅपटॉपची रॅम 8 जीबी आहे. या मशीनवर हे काम जमणारच नाही का?

जमेल, पण आधी एलएलव्हीएम घरी बांधणे थांबवा. एलएलव्हीएम हा सी प्लस प्लसमधला अवाढव्य प्रकल्प आहे आणि रस्टचा कंपायलर मशीन कोड त्याच्याकडून तयार करून घेतो. त्यात तुम्हाला काही बदलायचे नसेल, तर रस्टच्या सीआयवर (बदल आपोआप बांधून तपासणाऱ्या सर्व्हरवर) आधीच बांधून ठेवलेली प्रत उतरवून घेता येते. त्यासाठी क्लोन झाल्यावर पहिले काम 'एक्स सेटअप'. रिपॉझिटरीच्या मुळाशी असलेली 'एक्स' ही स्क्रिप्टच इथे सगळी कामे करते, कार्गो हे रस्टचे नेहमीचे बिल्ड साधन थेट चालवायचे नसते. सेटअप तुम्हाला प्रोफाइल विचारेल. स्टँडर्ड लायब्ररीवर काम करायचे असेल तर 'लायब्ररी' निवडा, कंपायलरवर करायचे असेल तर 'कंपायलर'. निवड 'बूटस्ट्रॅप डॉट टोमल' या फाइलीत उतरते. जुन्या लेखांत हीच फाइल 'कॉन्फिग डॉट टोमल' म्हणून भेटेल. नाव 2025 मध्ये बदलले.

वेळ वाचावा म्हणून क्लोन करताना खोली 1 ठेवली असेल, म्हणजे फक्त शेवटचा कमिट (नोंदवलेला बदल) घेतला असेल, तर तिथेही गाडी अडते. कोणत्या कमिटची तयार प्रत उतरवायची हे स्क्रिप्ट गिटच्या इतिहासावरून ठरवते. इतिहासच नसेल तर 'कमिट सापडत नाही, इतिहास फार उथळ आहे का' अशा अर्थाची एरर येते. डाउनलोड हलके हवे असेल तर इतिहास पूर्ण ठेवून फक्त जुन्या फाइलींचा मजकूर गाळणारा 'ब्लॉब नन' फिल्टर वापरा.

सिग्नल 9 म्हणजे मेमरी संपली आणि ऑपरेटिंग सिस्टीमने प्रोसेस मारली. हे बहुतेक वेळा लिंकिंगच्या (तुकडे जोडून एक प्रोग्रॅम करण्याच्या) टप्प्यावर घडते, कारण तेव्हा कंपायलरचे सगळे भाग एकदम मेमरीत असतात. 'एक्स बिल्ड' ला जॉब्जचा आकडा 2 द्या, ब्राउझर बंद करा, डीबग माहितीची पातळी वाढवून ठेवली असेल तर 0 करा. कंपायलरच्या विकासकांसाठीच्या मार्गदर्शिकेत 8 जीबी रॅम, किमान 2 कोअर आणि 30 जीबीहून जास्त मोकळी जागा सांगितली आहे. यांत लोक जागेचाच हिशेब चुकतात. इन्क्रिमेंटल बिल्डचा (फक्त बदललेला भाग पुन्हा बांधता यावा म्हणून ठेवलेला) साठा दर ब्रँचबरोबर फुगत जातो, तो अधूनमधून 'एक्स क्लीन' ने रिकामा करावा लागतो.

आणि प्रत्येक बदलानंतर बिल्ड लावू नका. कंपायलरच्या कामात दिवसातला बहुतेक वेळ 'एक्स चेक कंपायलर' वर निघतो. त्यात फक्त टाइप तपासले जातात, मशीन कोड तयार होत नाही. एडिटरमध्ये कोड तपासणारा रस्ट-ॲनालायझर आणि तुमचे टर्मिनल एकाच बिल्ड फोल्डरवर कुलूप लावून एकमेकांची वाट बघत बसतात. ॲनालायझरला वेगळे बिल्ड फोल्डर दिले की हे थांबते. जागा मात्र आणखी जाते.

प्रश्न : कंपायलरच्या पार्सरमध्ये (कोड वाचून त्याची रचना ओळखणाऱ्या भागात) एक ओळ छापणारा कोड घातला. बिल्ड व्यवस्थित झाला, पण रस्टसी (रस्टचा कंपायलर) चालवल्यावर ती ओळ दिसतच नाही. स्टेज 0, 1, 2 हा काय प्रकार आहे?

ओळ न दिसण्याचे कारण बहुधा साधे आहे. तुम्ही रस्टअपने (रस्ट बसवण्याच्या साधनाने) बसवलेला रस्टसी चालवत आहात, तुम्ही बांधलेला नाही. 'रस्टअप टूलचेन लिंक' ही आज्ञा द्या, नाव 'स्टेज1' ठेवा आणि 'बिल्ड' फोल्डरातल्या 'होस्ट' मधल्या 'स्टेज1' चा पत्ता द्या. त्यानंतर 'रस्टसी प्लस स्टेज1' असे म्हटले की तुमचा कंपायलर चालेल.

आता स्टेज. रस्टचा कंपायलर रस्टमध्येच लिहिलेला आहे. पहिला कंपायलर ओकॅमलमध्ये होता आणि 2011 मध्ये रस्टने स्वतःला कंपाइल केले. तेव्हापासून प्रत्येक कंपायलरला बांधायला आधीचा कंपायलर लागतो. स्टेज 0 हा तो आधीचा. तो बांधायचा नसतो, बीटा आवृत्ती (स्टेबल होण्याआधीची चाचणी आवृत्ती) म्हणून उतरवला जातो. त्याची आवृत्ती आणि चेकसम 'एसआरसी' फोल्डरातल्या 'स्टेज0' फाइलीत नोंदलेले असतात. स्टेज 0 ने तुमचा सोर्स कंपाइल केला की स्टेज 1 तयार होतो. स्टेज 1 ने तोच सोर्स पुन्हा कंपाइल केला की स्टेज 2.

फरक नीट पाहा. स्टेज 1 मध्ये तर्क तुमचा असतो, पण त्याचा स्वतःचा मशीन कोड जुन्या कंपायलरने काढलेला असतो. स्टेज 2 मध्ये दोन्ही तुमचे. तुम्ही ऑप्टिमायझेशनमध्ये चूक केली, तर स्टेज 1 ठणठणीत चालेल आणि चूक त्याने बांधलेल्या प्रोग्रॅममध्ये दिसेल. स्टेज 2 हा असाच एक प्रोग्रॅम असल्याने तोच कोसळेल. एरर मेसेज, पार्सर, टाइप तपासणी अशा रोजच्या कामाला स्टेज 1 पुरतो.

जुन्या ट्युटोरियलवर काम करणाऱ्यांनी एक बदल लक्षात ठेवावा. पूर्वी स्टेज 0 चा बीटा कंपायलर रिपॉझिटरीतली स्टँडर्ड लायब्ररीही कंपाइल करत असे. त्यामुळे लायब्ररीचा कोड दोन कंपायलरना एकाच वेळी पटावा लागे आणि कोणत्या कंपायलरसाठी कोणता कोड हे सांगणाऱ्या 'सीएफजी बूटस्ट्रॅप' च्या अटी जागोजागी घालाव्या लागत. 2025 च्या मध्यापासून कंपायलर बीटाबरोबर आलेल्या लायब्ररीवरच बांधला जातो आणि रिपॉझिटरीतली लायब्ररी फक्त रिपॉझिटरीतला कंपायलर बांधतो. लायब्ररीचा कोड यामुळे बराच स्वच्छ झाला. उलट बाजू अशी, की लायब्ररीतली एक ओळ तपासायलाही आधी स्टेज 1 कंपायलर लागतो. तो बांधायचा नसेल तर बूटस्ट्रॅप फाइलीत 'डाउनलोड-रस्टसी' चालू करा, म्हणजे सीआयवरचा तयार कंपायलर येईल.

छापण्याच्या ओळींऐवजी 'डीबग' मॅक्रो आणि 'रस्टसी लॉग' हे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल वापरायची सवय लावा. 'कंपायलर' प्रोफाइलमध्ये डीबग लॉगिंग चालू असते. ते बंद असलेल्या बिल्डमध्ये हे मॅक्रो कंपाइलच होत नाहीत, मग व्हेरिएबल कितीही लावा, काही छापले जात नाही.

प्रश्न : स्लाइससाठी (सलग घटकांच्या टाइपसाठी) एक छोटी, उपयोगी मेथड लिहिली, टेस्टही लिहिल्या. पुल रिक्वेस्टवर (बदल सामील करण्याच्या विनंतीवर) 'आधी एसीपी करा' असे उत्तर आले. सात ओळींच्या कोडला एवढी औपचारिकता कशाला?

प्रश्न ओळींचा नाही, नावाचा आहे. 15 मे 2015 ला 1.0 आवृत्ती आली तेव्हापासून रस्टचे वचन आहे की स्टेबलमध्ये (सर्वांसाठीच्या पक्क्या आवृत्तीत) आलेली गोष्ट काढली जाणार नाही. सात ओळींची अंमलबजावणी उद्या बदलता येईल. मेथडचे नाव, तिचे पॅरामीटर आणि काय परत करते हे मात्र कायमचे. एसीपी म्हणजे एपीआय बदलाचा प्रस्ताव. तो लायब्ररी टीमच्या वेगळ्या रिपॉझिटरीत इश्यू म्हणून मांडायचा. त्यात आधी अडचण लिहा आणि उपाय नंतर. आज हेच काम करायला कोड किती वाकडा लिहावा लागतो, हे खऱ्या प्रकल्पांतल्या दोन-तीन उदाहरणांनी दाखवा. नुसते 'सोयीचे पडेल' म्हणून भागत नाही.

भर घालताना काही मोडत नाही असे वाटते, ते खरे नाही. इटरेटरसारख्या ट्रेटमध्ये (अनेक टाइपना समान मेथड देणाऱ्या व्याख्येत) नवी मेथड आली आणि त्याच नावाची मेथड एखाद्या लोकप्रिय क्रेटच्या (रस्टच्या पॅकेजच्या) ट्रेटमध्ये असली, की कंपायलरला कोणती घ्यावी हे कळत नाही. 'इंटरस्पर्स' ही मेथड इटरटूल्स क्रेटशी अशाच नामसाधर्म्यामुळे वर्षानुवर्षे अनस्टेबल राहिली. थेट टाइपवर घातलेली मेथड तर ट्रेटच्या मेथडला मागे सारते, आणि दोघींचे टाइप जुळले तर एररही न देता वागणूक बदलते.

जुलै 2024 मध्ये आलेल्या 1.80 चे उदाहरण जवळून पाहण्यासारखे आहे. तिथे मेथडही नव्हती. 'बॉक्स स्ट्र' या मजकुराच्या टाइपसाठी 'फ्रॉमइटरेटर' (इटरेटरमधून टाइप तयार करणारा) हा ट्रेट लागू केला, एवढेच. टाइम या क्रेटमध्ये एका ठिकाणी 'कलेक्ट' चा निकाल 'बॉक्स' मध्ये घेतला होता आणि आतला टाइप अंडरस्कोर ठेवून कंपायलरवर सोडला होता. तोपर्यंत बॉक्सच्या बाबतीत फक्त स्लाइसचाच पर्याय असल्याने कंपायलरचा अंदाज बरोबर येई. दुसरा पर्याय येताच अंदाज बांधता येईना आणि 'टाइप लिहा' म्हणणारी ई0282 एरर आली. टाइमची 0.3.35 ही दुरुस्त आवृत्ती आधीच निघाली होती, पण असंख्य प्रकल्पांच्या लॉक फाइलीत (क्रेटच्या आवृत्त्या पक्क्या करणाऱ्या फाइलीत) जुनीच अडकलेली होती. त्यांना टाइम अपडेट केल्याशिवाय नवा कंपायलर वापरता येईना. म्हणून जोखमीच्या बदलांआधी 'क्रेटर' चालवतात. सार्वजनिक क्रेट जुन्या आणि नव्या कंपायलरवर बांधून काय मोडले ते तो दाखवतो. आमच्या मते रस्टच्या सगळ्या व्यवस्थेत याहून मोलाचे साधन नाही.

एसीपी स्वीकारला गेला की मेथडला 'अनस्टेबल' ॲट्रिब्यूट लावा, फीचरचे नाव आणि ट्रॅकिंग इश्यूचा क्रमांक द्या. डॉक्युमेंटेशनच्या उदाहरणातही ते फीचर चालू करा, नाहीतर डॉकटेस्ट (उदाहरण चालवून घेतलेली टेस्ट) पडेल. पुढे स्टेबल करताना अंतिम चर्चेचा 10 दिवसांचा काळ असतो. तेव्हा 'सिन्स' मध्ये (कोणत्या आवृत्तीपासून, या नोंदीत) आकडा घालू नका, 'करंट रस्टसी व्हर्जन' हा राखीव शब्द मोठ्या अक्षरांत लिहा. कोड नक्की कोणत्या आवृत्तीत पडेल हे आधी सांगता येत नाही, म्हणून आकडा रिलीजच्या वेळी भरला जातो. स्टेबल टाइपवर स्टेबल ट्रेट लागू केला, तर त्यावर 'अनस्टेबल' चा काही परिणाम होत नाही, तो पहिल्या दिवसापासून स्टेबलच असतो. त्यामुळे अशा बदलांची अंतिम चर्चा मर्ज होण्याआधीच उरकावी लागते.

प्रश्न : एका एरर मेसेजमधला शब्द सुधारला आणि चाळीसेक यूआय टेस्ट (कंपायलरचे मेसेज तपासणाऱ्या टेस्ट) पडल्या. प्रत्येक फाइल हाताने बदलायची का?

नाही. 'एक्स टेस्ट टेस्ट्स/यूआय' ला '--ब्लेस' जोडून चालवा. प्रत्येक टेस्टशेजारच्या 'एसटीडीइआरआर' फाइलीत कंपायलरचे अपेक्षित उत्तर शब्दशः ठेवलेले असते, ते नव्याने लिहिले जाईल. मात्र टेस्टच्या कोडमध्येच '//~ एरर' अशी खूण करून मेसेज लिहिलेला असेल, तर ती ओळ ब्लेस बदलत नाही. ती हातानेच करा. नंतर 'गिट डिफ' पूर्ण वाचा. चाळीसपैकी एकोणचाळीस ठिकाणी फक्त शब्द बदलला आणि एका ठिकाणी एररची जागाच सरकली, तर ते एक ठिकाण म्हणजे तुमचा बग. डोळे मिटून ब्लेस केले तर तो बग अपेक्षित उत्तर म्हणून नोंदला जातो.

प्रश्न : पुल रिक्वेस्टला मंजुरी मिळून दोन दिवस झाले, तरी मर्ज होत नाही. काही चुकले का?

रांगेत आहे. 'आर प्लस' (मंजुरीची खूण) मिळाल्यावर 'बॉर्स' हा बॉट तुमचा बदल मुख्य ब्रँचच्या ताज्या टोकावर ठेवून वेगवेगळ्या प्लॅटफॉर्मवरच्या टेस्ट चालवतो आणि सगळे हिरवे झाले तरच मर्ज करतो. एका फेरीला काही तास लागतात आणि फेऱ्या एकामागून एक होतात. म्हणून छोटे, बिनधोक बदल 'रोलअप' करून एकत्र पाठवतात. रोलअप पडला तर ज्याच्यामुळे पडला तो बाहेर काढतात. थांबलेल्या काळात मुख्य ब्रँच आपल्या ब्रँचमध्ये मर्ज करू नका, इथे मर्ज कमिट चालत नाहीत. संघर्ष (कॉन्फ्लिक्ट) आला तरच रिबेस करा, म्हणजे आपले कमिट ताज्या टोकावर पुन्हा रचा. विनाकारण काही पुश केले तर मंजुरी रद्द होते.

प्रश्न : माझी मेथड मर्ज झाली, पण स्टेबलवर ई0554 एरर येते.

अनस्टेबल फीचर फक्त नाइटलीवर (रोज निघणाऱ्या कच्च्या आवृत्तीवर) चालू करता येते, ती एरर तेच सांगते. स्टेबल म्हणून मंजूर झालेला कोडही आधी नाइटलीत येतो, बीटाची पुढची शाखा फुटते तेव्हा बीटात जातो आणि त्यानंतर 6 आठवड्यांनी स्टेबल होतो. एकूण 6 ते 12 आठवडे धरा.

प्रश्न : कंपायलर अपडेट केल्यावर आमचा प्रकल्प बांधताना 'इंटर्नल कंपायलर एरर' (आयसीई, म्हणजे कंपायलरच कोसळणे) येते. कोड खासगी आहे, देता येत नाही. तक्रार कशी करावी?

आधी 'कार्गो क्लीन' करू नका. बग इन्क्रिमेंटल साठ्याशी संबंधित असेल तर साफ करताच तो नाहीसा होईल आणि पुरावाही जाईल. 'टार्गेट' फोल्डरची प्रत बाजूला ठेवा, मग साफ करून पाहा. एरर गेली, तर तीच मोठी माहिती आहे, तक्रारीत लिहा. 'रस्टसी-आयसीई' ने सुरू होणारी टेक्स्ट फाइल तयार झाली असेल तर तीही जपा, बॅकट्रेस (कोसळताना कोणती फंक्शने चालू होती याची यादी) तिच्यात असतो. पाठवण्याआधी त्यातली खासगी नावे तपासून घ्या. आजच्या नाइटलीवर एरर येत नसेल तर ती बहुधा दुरुस्त झाली आहे. येत असेल तर आधीच्या इश्यूंमध्ये पॅनिकचा (कंपायलर कोसळतानाचा) मजकूर घालून शोधा. ओळ क्रमांकावरून शोधू नका, तो रोज बदलतो.

मग 'कार्गो-बायसेक्ट-रस्टसी' चालवा. चालणारी आणि न चालणारी अशा दोन तारखा दिल्या की ते मधल्या नाइटली अर्ध्या-अर्ध्या करत तपासते. प्रकरण अलीकडचे असेल तर थेट दोषी पुल रिक्वेस्टपर्यंत पोहोचवते. 'रिग्रेस' हा पर्याय 'आयसीई' ठेवायला विसरू नका. मूळ सेटिंगमध्ये साधी कंपाइल एररही बिघाड धरली जाते आणि भलतीच तारीख हाती येते.

खासगी कोड छाटून पाठवता येतो. फंक्शनांच्या आतला मजकूर काढून जागी 'टूडू' मॅक्रो टाका, दर वेळी एरर अजून येते का ते बघा. येत असेल तर तो भाग परत घेऊ नका. मॉड्यूल एका फाइलीत आणा, बाहेरच्या क्रेटमधला लागेल तेवढा ट्रेट हाताने उतरवा, नावे ए, बी, सी करा. उरलेल्या वीस-तीस ओळींत तुमच्या धंद्याचे काही शिल्लक नसते, आणि दुरुस्ती झाल्यावर त्याच ओळी यूआय टेस्ट म्हणून रिपॉझिटरीत ठेवता येतात.