स्वस्तातला छोटा स्टिरिओ आईसाठी घ्यावा का, की मोबाईल पुरे?

घ्याच. तुम्ही लिहिलंय की आई भोरजवळच्या गावी असतात, बजेट दीड हजाराचं आहे आणि गाण्यांसाठी मोबाईल हाताळायचा त्यांना कंटाळा येतो. माझ्या स्वयंपाकघरात असाच एक स्वस्तातला संच बरीच वर्षं आहे आणि रोज सकाळी तो लागतोच. कणकेचे हात असताना मोबाईलचं लॉक उघडत बसावं लागत नाही, कोपरानं बटण दाबलं की झालं. शिवाय बऱ्याच मोबाईलमध्ये आता एफएम येतच नाही, आणि ज्यात आहे त्यालाही इअरफोन जोडावा लागतो, कारण त्याची वायरच एरियलचं काम करते.

पण खोक्यावर ‘रेडिओ’ लिहिलंय एवढ्यावर जाऊ नका. हजार-बाराशेचे बहुतेक ब्लूटूथ स्पीकर फक्त एफएम पकडतात. काहींना एरियलही नसतं, चार्जिंगची केबल खुपसून ठेवावी लागते. एफएमच्या लहरी साधारण सरळ रेषेत जातात, मध्ये डोंगर आला की स्टेशन गेलं. भोरच्या बाजूला डोंगरांना काय तोटा! मीडियम वेव्हच्या लहरी मात्र जमिनीला धरून लांबवर जातात. आकाशवाणीचं पुणे केंद्र ७९२ किलोहर्ट्झवर लागतं, म्हणजे लहरीच्या लांबीत सांगायचं तर जुन्या माणसांच्या तोंडी असलेलं ३७८.८ मीटर. आईंना कदाचित तो आकडा अजून पाठ असेल. म्हणून एएम (मीडियम वेव्ह त्यातच येतं) आणि एफएम दोन्ही असलेला, ओढून लांब करता येणारं एरियल असलेलाच संच घ्या. माझ्या मते आवाजाच्या वॉटपेक्षा हे कितीतरी महत्त्वाचं आहे.

ती दांडी फक्त एफएमसाठी असते, हे पुष्कळांना माहीत नसतं. ती पाऊण मीटरच्या आसपास उघडली की एफएम चांगलं लागतं. मीडियम वेव्हसाठी आत फेराइटची कांडी असते आणि तिला दिशा कळते. खरखर आली तर एरियलशी झटापट करू नका, अख्खा रेडिओच थोडा फिरवून बघा. तरीही थांबली नाही तर जवळचा एलईडी बल्ब किंवा मोबाईलचा चार्जर बंद करून पाहा. स्वस्तातल्या बल्बांमुळे मीडियम वेव्हवर फार गोंगाट होतो. वीज गेली की रेडिओ एकदम स्वच्छ ऐकू येतो, त्याचं कारण हेच.

‘स्टिरिओ’ या शब्दासाठी जास्त पैसे मोजू नका. दोन स्पीकर वीतभर अंतरावर असले की डावा-उजवा फरक कानाला जाणवतच नाही. आणि एफएमचा सिग्नल कमजोर असेल तर स्टिरिओत खरखर वाढते, मोनोत, म्हणजे डावा-उजवा असा वेगळा आवाज नसताना, तेच स्टेशन बरं ऐकू येतं. एकच पण जरा मोठा स्पीकर असलेल्या संचावर जुनी मराठी गाणी, निवेदकाचा आवाज, बातम्या, सगळं भरदार येतं.

गाण्यांसाठी पेनड्राइव्हची सोय बघा. ३२ जीबीपर्यंतचा पेनड्राइव्ह फॅट३२ पद्धतीनं फॉरमॅट करून एमपी३ गाणी भरली की अडचण येत नाही. अभंग, भावगीतं, नाट्यगीतं असे वेगळे फोल्डर तुम्हीच करून द्या. दुकानात एक गोष्ट मात्र तपासा: बंद करून परत चालू केल्यावर गाणं थांबलं तिथूनच लागतं की पहिल्यापासून? काही संच दर वेळी पहिल्यापासून सुरू होतात आणि मग रोज सकाळी तीच चार गाणी कानावर पडतात.

बॅटरी बदलता येणारी हवी. आत कायमची बसवलेली बॅटरी दोन-तीन वर्षांत दम तोडते आणि बाकी सगळं चांगलं असूनही संच अडगळीत जातो. साध्या सेलवरही चालणारा मिळाला तर गावाकडे उत्तम, सेल कोपऱ्यावरच्या दुकानातही मिळतात. महिनाभर लावणार नसाल तर सेल काढून ठेवायला सांगा. ते पाझरले की आतल्या पट्ट्या गंजतात.

ऑनलाइन न मागवता शक्यतो दुकानातून घ्या, आणि आईंना बरोबर न्या. स्टेशन लावायची चकती त्यांच्या बोटांना सहज फिरते का, आकडे त्यांना चष्म्याशिवाय दिसतात का, हे त्यांनाच बघू द्या. काटा पुणे केंद्रावर आणून तिथे नेलपॉलिशचा एक ठिपका लावून द्या, म्हणजे रोज शोधावं लागणार नाही.