भिशीचे साठ हजार आणि ताटातले बासष्ट शेंगदाणे

ताई, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा आकड्यांसाठी, दुसऱ्यांदा शेवटच्या चार ओळींसाठी.

वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. ताई सांगलीच्या. मिस्टर कुपवाड एमआयडीसीत सुपरवायझर, ओव्हरटाइम धरून हातात ४४,००० येतात. ताई घरी ब्लाउज आणि शाळेचे गणवेश शिवतात, त्याचे सरासरी १८,०००. मुलगी आठवीत, मुलगा चौथीत. बारा जणींची पाच हजारांची भिशी होती, शेवटचा नंबर ताईंचा लागला आणि ६०,००० हातात आले. मिस्टरांचे चुलतभाऊ विमा एजंट आहेत. ते म्हणतात, हे साठ हजार मुलीच्या पॉलिसीत भरा, असे दहा वर्षं भरा, पंधराव्या वर्षाअखेर साडेदहा लाख घ्या. "नाहीतरी भिशीचे पाच हजार महिन्याला जातच होते की!"

आणि त्या चार ओळी. मुलीनं मैत्रिणीसारखा २४,००० चा फोन मागितला. ताईंनी नाही म्हटल्यावर तिनं विचारलं, "आई, आपण गरीब आहोत का?" ताईंना उत्तर देता आलं नाही. सासूबाईंचं म्हणणं, मुलांसमोर पैशाच्या गोष्टी काढायच्याच नाहीत.

आधी पॉलिसी. माझं मत स्पष्ट आहे: घेऊ नका.

सहा लाखांचे साडेदहा लाख ऐकायला मोठे वाटतात. पण पैसे दहा वर्षं थोडे थोडे जातात आणि त्यानंतर पाच वर्षं नुसते पडून राहतात. हिशेब मांडला तर व्याज वर्षाला साडेपाच टक्क्यांच्याही आत येतं. तेच साठ हजार तितकीच वर्षं पीपीएफमध्ये, म्हणजे सरकारच्या पंधरा वर्षांच्या बचत खात्यात, भरले आणि आजचा ७.१ टक्के दर टिकला, तर साडेबारा लाखांच्या आसपास होतात. (पुढची पाच वर्षं खातं चालू ठेवायला वर्षाला ५०० भरले की पुरे.)

पण व्याजापेक्षा मला दुसरी गोष्ट जास्त खटकली. तुमची मुलगी आज तेराची आहे. पंधरा वर्षांनी ती अठ्ठावीसची होईल. तिची बारावी साडेचार वर्षांवर आली आहे, फी तेव्हा लागेल, वसतिगृह तेव्हा लागेल. त्या वेळी ही पॉलिसी तुमच्या हातात काही देणार नाही, उलट तुमच्याकडूनच साठ हजार मागेल. "लग्नाला कामी येतील" असं भाऊजी म्हणाले असतील. आधी तिला शिकू द्या.

भिशी आणि हप्ता सारखा, हेही मला पटत नाही. भिशीत एखाद्या महिन्याला दहा दिवस पुढेमागे झालं तर मैत्रिणी सांभाळून घेतात. तुमच्याच आकड्यांप्रमाणे घरखर्च आणि कर्जाचा हप्ता मिळून ५४,००० होतात, म्हणजे उरतात ८,०००. आणि पगारातले सात हजार ओव्हरटाइमचे, ते कधी असतात कधी नसतात, असं तुम्हीच लिहिलंय. दोन-तीन महिने ओव्हरटाइम बंद राहिला की हजार रुपये उरले. त्यातून पाच हजार कुठून काढणार? १ ऑक्टोबर २०२४ पासूनच्या नियमांमुळे पॉलिसी मध्येच सोडली तरी एका वर्षानंतर काही रक्कम परत मिळते हे खरं, पण भरलेल्यापेक्षा कमीच. सही करून झाली असेल तरी घाबरू नका. पॉलिसीचा कागद हातात पडल्यापासून ३० दिवसांत ती परत करता येते.

सुकन्या समृद्धी या मुलींसाठीच्या सरकारी बचत योजनेचंही विचारलंय. ते खातं मुलीच्या दहाव्या वर्षापर्यंतच उघडता येतं, त्यामुळे तो मार्ग आता बंद.

मग साठ हजारांचं काय? यातला पहिला पैसा मिस्टरांच्या साध्या टर्म विम्यात, म्हणजे मुदतीत माणूस गेला तरच घरच्यांना पैसे देणाऱ्या विम्यात, जाऊ द्या. पूर्ण पत्रात त्यांच्या विम्याचा उल्लेख नाही, आणि घराचं कर्ज तर त्यांच्या पगारावर उभं आहे. बेचाळीस वर्षांच्या निरोगी माणसाला पन्नास लाखांचं संरक्षण त्या साठ हजारांच्या निम्म्याहून कमी हप्त्यात मिळतं. या विम्यात मुदत संपल्यावर काही परत मिळत नाही, म्हणून लोक नाक मुरडतात. पण मुलांच्या शिक्षणाची खरी पॉलिसी हीच. उरलेले तीस-पस्तीस हजार तुमच्या २,४०,००० च्या एफडीशेजारी नव्या एफडीत ठेवा. आज तुमच्याकडे साडेचार महिन्यांचा खर्च बाजूला आहे, तो पाच महिन्यांच्या वर जाईल. जुन्या एफडीला हात लावू नका.

महिन्याच्या आठ हजारांतले चार हजार बँकेच्या आरडीत (दरमहा ठरावीक रक्कम भरायची ठेव) टाका, चार वर्षांच्या मुदतीनं, तुमच्या नावावर. बारावीच्या सुमारास दोन लाखांच्या वर रक्कम उभी राहील. मुलाचं कॉलेज अजून नऊ वर्षं लांब आहे, त्याच्यासाठी एखाद्या इंडेक्स फंडात (शेअर बाजाराच्या निर्देशांकाप्रमाणे चालणारा म्युच्युअल फंड) हजाराची एसआयपी, म्हणजे दरमहाची ठरावीक गुंतवणूक, पुरे. बाजार पडला म्हणून ती थांबवायची नाही, एवढं पथ्य पाळा. राहिलेले तीन हजार मोकळे असू द्या. ओव्हरटाइम बंद पडेल त्या महिन्यांत तेच उपयोगी पडतील.

एक चौकशी जरूर करा. २०२४-२५ पासून राज्यात आर्थिक दुर्बल घटक, एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास) आणि ओबीसी प्रवर्गातल्या मुलींना, कुटुंबाचं उत्पन्न वर्षाला आठ लाखांपर्यंत असेल तर, केंद्रीभूत प्रवेशातून मिळालेल्या मान्यताप्राप्त व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी शिक्षण आणि परीक्षा शुल्क शंभर टक्के माफ आहे. तुमचा प्रवर्ग पत्रात नाही. हातात येणाऱ्या पैशांचे वर्षाला ७,४४,००० होतात, पण पीएफ कापण्याआधीचा पगार धरून बघा. बसत असाल तर दाखल्यांची तयारी दहावीपासूनच करा. वसतिगृह आणि मेस मात्र या माफीत येत नाही, आरडी त्यासाठी.

आता मुलीचा प्रश्न. मला तो या सगळ्याहून महत्त्वाचा वाटतो. सासूबाईंचा मान राखून सांगतो, इथे त्यांचं ऐकू नका. घरात पैशाचं कोणी बोलत नसेल, तर मुलं मैत्रिणीच्या फोनवरूनच आपली ऐपत मोजणार. दुसरं माप त्यांच्याकडे असतंच कुठे?

माझी मुलं या वयाची होती तेव्हा मी एका रविवारी ताटात शेंगदाणे मोजून ठेवले. एक दाणा म्हणजे हजार रुपये. त्या वर्षी आमचे अठ्ठेचाळीस होते, तुमचे बासष्ट होतील. तुमच्या घराचा हप्ता साडेचौदा हजार, म्हणजे चौदा दाणे बाजूला आणि पंधरावा सोलून त्याची एक पाकळी. किराणा, दूध, भाजीचे पंधरा. शाळा, शिकवणी, रिक्षाचे नऊ. लाइट, गॅस, मोबाइलचे चार, पेट्रोलचे साडेतीन. आजी-आजोबांच्या औषधांचे तीन. आहेर, पाहुणे, येणंजाणं यांचे पाच. दाणे मुलांनाच उचलू द्या, तुम्ही फक्त नावं सांगा. आमच्याकडे ताट रिकामं होत गेलं तशी धाकटी गप्प झाली. शेवटी जेमतेम पाच दाणे राहिले, तेव्हा तिनं विचारलं, "बाबा, आजारी पडलो तर?" मी तिला एफडीची पावती दाखवली. ती रात्री शांत झोपली.

तुमच्या ताटात आठ दाणे उरतील. त्यातले चार मुलीच्या कॉलेजचे, एक मुलाचा, तीन अडीअडचणीचे, असं त्यांच्यासमोर वेगळं करा. मग मुलीला सांगा, "आपण गरीब नाही. आपले पैसे कुठे जायचे ते ठरलेलं आहे, आणि फोन त्यात नाही." चोवीस हजार म्हणजे चारशे रुपये शिलाईचे साठ ब्लाउज, हे ती स्वतः मोजेल. तुम्ही ऐकवू नका, नाहीतर तो टोमणा होईल. आणि नोकरीची भीती, नणंदेला उसने दिलेले पैसे, नवराबायकोतली कुरबुर यातलं काही या ताटात आणू नका. तो भार मुलांनी उचलायचा नसतो.

त्यानंतर दोघांकडे एकेक खरं काम द्या. मुलाकडे दुधाचा हिशेब: कॅलेंडरवर रोज लिटर लिहायचं, खाडा झाला तर फुली मारायची, महिनाअखेरीला बेरीज करून दूधवाल्याला पैसे त्यानंच द्यायचे. मुलीकडे तिचा जूनचा खर्च: वह्या, दप्तर, रेनकोट, बूट. दरवर्षी तुमचे जेवढे जातात तेवढे तिच्या हातात ठेवा, उरतील ते तिचे. महागडं दप्तर घेऊन बुटाला पैसे कमी पडले, तर तिला जुने बूट घालू द्या. इथे तुमचाच जीव कासावीस होईल, पण लगेच पदरचे काढून देऊ नका. मार्कांसाठी किंवा भांडी लावली म्हणून पैसे द्यायची सवय मात्र लावू नका. घरातल्या कामाची मजुरी ठरवायला लागलो की मुलं पाणी द्यायचाही भाव विचारतात.

तिचं स्वतःचं खातंही उघडा. दहा वर्षांपुढच्या मुलांना बचत खातं स्वतः चालवू द्यायची मोकळीक रिझर्व्ह बँकेनं बँकांना दिली आहे, रकमेची मर्यादा प्रत्येक बँक ठरवते. पोस्टात ५०० रुपयांत उघडता येतं. स्लिप तिलाच भरू द्या, खाडाखोड झाली तर दुसरी घ्या.

राहिले भाऊजी. नात्यात नाही म्हणणं जड जातं, हे तुम्ही लिहिलं नाहीत तरी पत्रात दिसतं. त्यांना सांगा, "भाऊजी, मुलीची पॉलिसी नको. पण ह्यांचा टर्म विमा तुमच्याकडूनच काढायचा आहे, येत्या रविवारी फॉर्म घेऊन या." ते आले की फॉर्म मिस्टरांना स्वतः वाचून भरायला लावा. तंबाखूची सवय असेल तर ती खरी लिहा, हप्ता थोडा वाढला तरी चालेल. आणि त्या कागदाची एक प्रत तुमच्या कपाटात राहू द्या.