वाचकांचे प्रश्न : बोट दारात आली, बास मात्र गळाला लागेना

या वेळचे चारही प्रश्न उत्तर टेक्ससमधून आले आहेत. डॅलसच्या आसपास राहणाऱ्या मराठी मंडळींमध्ये बोटी वाढलेल्या दिसतात, आणि त्याबरोबर बास या गोड्या पाण्यातल्या माशाची ओढही.

प्रश्न : मार्चमध्ये सतरा फुटी ॲल्युमिनियमची बोट घेतली. चार शनिवार लेक फोर्क या तलावावर घालवले. पहाटेपासून दुपारपर्यंत दहा-बारा जागा पालथ्या घालतो. पाण्याखालचं दाखवणाऱ्या सोनारच्या पडद्यावर मासे दिसतात, पण बास एकही लागला नाही. कुठे चुकतंय? (फ्रिस्को)

दहा-बारा जागा, हीच चूक. लेक फोर्क २७,६९० एकरांचा आहे. नवी बोट हातात आली की इंजिन चालवावंसं वाटतं, पण बास गरवायचा तो पुढच्या ट्रोलिंग मोटरवर, म्हणजे हळू चालणाऱ्या विजेच्या छोट्या मोटरवर. एखादा फाटा निवडा, म्हणजे ओढा तलावाला मिळतो ती अरुंद बाजू. तिथला मैलभर काठ घ्या आणि सलग तीन-चार खेपा तिथेच करा. उभ्या झाडांच्या खोडांमधून वेगात जायचं नाही, खुणा केलेल्या बोट-वाटा सोडायच्या नाहीत.

बास किती खोल असेल ते पाण्याची उष्णता ठरवते, आणि ती तुमच्या पडद्यावर कोपऱ्यात दिसतेच. ५० ते ५८ अंश फॅरेनहाइटला बास फाट्याच्या तोंडाशी, जुन्या ओढ्याच्या वळणावर, आठ ते पंधरा फुटांत थांबतो. ६० ते ७० अंशांत तो अंडी घालायला उत्तरेच्या वाऱ्यापासून आडोसा असलेल्या खाचांत येतो, तिथे पाणी दोन ते सहा फूट असतं. ८० च्या वर गेलं की पहाटे गवताच्या कडेला आणि ऊन चढल्यावर खोल टोकांवर. भर उन्हाळ्यात सोनारची संवेदनशीलता थोडी वाढवली तर पाण्याच्या मध्यावर एक धूसर आडवा पट्टा दिसतो. वरचं गरम आणि खालचं गार पाणी वेगळं होतं ती ही रेघ. तिच्याखाली प्राणवायू फारच कमी, त्यामुळे तळ तीस फुटांवर आणि पट्टा अठरा फुटांवर असेल, तर तिथे तळाशी आमिष टाकून काही हाती लागणार नाही. अठरा फुटांपेक्षा उथळ तळ शोधायचा.

आता ते पडद्यावरचे मासे. पडद्याची फक्त उजवी कड म्हणजे ‘आत्ता’. बाकी सगळं मागे गेलेलं चित्र आहे. २०० किलोहर्ट्‌झचा झोत साधारण वीस अंशांचा असतो, म्हणजे वीस फूट पाण्यात तो तळाचं जेमतेम सात फुटांचं वर्तुळ दाखवतो. मासा पडद्यावर कमानीसारखा उमटतो, पण कमानीची लांबी ही माशाची लांबी नव्हे, तो झोतात किती वेळ होता एवढंच तिच्यातून कळतं. शिवाय त्यातले बरेचसे शॅड, क्रॅपी किंवा कॅटफिश असे दुसरेच मासे असणार. म्हणून माशांपेक्षा तळ वाचायला शिका. कडक तळाची रेघ जाड आणि ठळक दिसते, तिच्या दुप्पट खोलीवर दुसरा प्रतिध्वनी उमटतो. चिखलाची रेघ मऊ आणि पसरट. चिखल संपून कडक तळ सुरू होतो, किंवा सपाटीवर एखादंच खोड उभं असतं, ती जागा जीपीएसवर नोंदवून ठेवा.

शिकायला सगळ्यात चांगलं आमिष म्हणजे टेक्सस रिग. सात इंची रबरी गांडूळ, ३/० मापाचा वळणाचा गळ, पाव औंसाचं गोळीच्या आकाराचं शिसं. लाइन, म्हणजे गळाची दोरी, आधी शिशातून ओवा, मग गळ बांधा. गळाचं टोक गांडुळाच्या डोक्यात सरळ पाव इंच घाला, बाजूने बाहेर काढा, गळ पूर्ण ओढून घ्या, म्हणजे डोकं त्याच्या वरच्या वळणात अडकेल. मग गळ फिरवून अंगावर आडवा धरा, टोक कुठे येतं ते बघा आणि नेमकं तिथेच आरपार काढून टोक कातडीखाली किंचित लपवा. गांडूळ लोंबतं धरल्यावर काठीसारखं सरळ दिसायला हवं. वाकडं राहिलं तर पाण्यात गोल फिरतं आणि लाइनला पीळ बसतो.

फेकल्यावर ते तळाला जाईपर्यंत रील फिरवू नका, पण लाइनवर नजर ठेवा. बास बहुतेकदा आमिष खाली जात असतानाच घेतो. लाइन टिचकी मारल्यासारखी उडाली, बाजूला सरकली किंवा तळ यायच्या आधीच सैल पडली, तर मासा आहे. रॉड खाली नेऊन सैल लाइन गुंडाळा, मग झटका द्या. सैल लाइनवर मारलेला झटका गळापर्यंत पोचतच नाही. तळावर ओढायचं ते रॉडने, घड्याळातल्या नऊवरून अकरावर, आणि रीलने फक्त ढील घ्यायची.

आणि वारा. बोटीची नाळ, म्हणजे पुढचं टोक, वाऱ्याकडे ठेवून कमी वेगाने पुढे सरका. वाऱ्याबरोबर वाहत गेलात तर बोट जागेवरून ओढली जाते, मोटर सारखी उलटसुलट चालवावी लागते आणि त्या आवाजाने उथळ पाण्यातला बास पांगतो.

प्रश्न : बेटकास्टिंग रीलवर दर तिसऱ्या फेकीला लाइनचा गुंता होतो. स्पिनिंग रीलवरच राहू का? (प्लेनो)

हलक्या आमिषांसाठी, म्हणजे पाव औंसाच्या आत, स्पिनिंगच बरं. जड आमिषाला आणि झाडाझुडपांत मात्र बेटकास्टर लागतो. बेटकास्टरमध्ये फेकताना लाइन गुंडाळलेलं स्पूलही फिरतं, स्पिनिंगमध्ये ते स्थिर असतं. गुंता होतो कारण आमिषाचा वेग कमी झाला तरी स्पूल आपल्याच वेगात फिरत राहतं.

सुरुवातीला अर्धा औंसाचं आमिष आणि १५ पौंडी लाइन घ्या. हँडलजवळचा छोटा स्क्रू घट्ट करा, स्पूल मोकळं करणारं बटण दाबा, मग स्क्रू इतकाच सैल करा की आमिष हळू उतरेल आणि जमिनीला टेकताच स्पूल थांबेल. रीलचा ब्रेक दहापैकी आठवर. शक्य तेवढ्या लांब फेका, आणखी दहा-पंधरा यार्ड लाइन बाहेर ओढा आणि स्पूलवर चिकटपट्टीचा एक तुकडा लावून लाइन परत गुंडाळा. आता कितीही मोठा गुंता झाला तरी तो पट्टीखाली जाणार नाही. फेकताना मनगट झटकू नका, रॉडलाच वाकू द्या, आणि आमिष पाण्याला टेकायच्या क्षणी अंगठा स्पूलवर आलाच पाहिजे. वाऱ्याच्या विरुद्ध फेकणं पहिले दोन महिने टाळा. आमिष बदललं की स्क्रू पुन्हा लावायचा. हे बहुतेकजण विसरतात.

जाता जाता, लाइन तुटून मासा गेला तर लाइनचं टोक बघा. डुकराच्या शेपटीसारखं कुरळं असेल तर गाठ सरकली, म्हणजे आवळताना ती ओली केली नव्हती. खरखरीत किंवा चिरलेलं असेल तर लाइन लाकडावर घासली होती. दर थोड्या वेळाने शेवटचे दोन फूट बोटांत धरून तपासा आणि खरखर लागली की कापून नवी गाठ मारा.

प्रश्न : बोट पाण्यात उतरवायच्या रॅम्पवर मागे रांग लागली की हात-पाय गळतात. ट्रेलर उलटा नेण्याची काही युक्ती? (ॲलन)

हात स्टिअरिंगच्या खालच्या बाजूला धरा. ट्रेलर ज्या बाजूला जायला हवा, त्याच बाजूला हात न्या. चाक थोडंच फिरवा. ट्रेलर फारच वाकडा झाला तर दुरुस्त करत बसू नका, पुढे जाऊन सरळ करा. हा सराव रविवारी सकाळी रिकाम्या पार्किंगमध्ये, पाण्यापासून दूर.

खोळंबा उलटं नेण्यात कमी होतो, रॅम्पवर उभं राहून सामान चढवण्यात जास्त. तयारीच्या जागेतच ड्रेन प्लग, म्हणजे बोटीच्या तळाचं बूच, घट्ट बसवा, मागचे पट्टे सोडा, दिव्यांची वायर काढा, लाइफ जॅकेट आणि रॉड वर ठेवा. नाळेचा पट्टा आणि साखळी मात्र बोट पाण्यात जाईपर्यंत सोडायची नाही, नाहीतर बोट काँक्रीटवर घसरते. इंजिन बंद करणारा दोर अंगाला अडकवा. सव्वीस फुटांखालच्या बोटींना वेगात जाताना तो एप्रिल २०२१ पासून केंद्रीय कायद्याने सक्तीचा आहे. परत निघताना प्लग काढून लाइव्हवेल, म्हणजे मासे जिवंत ठेवायची टाकी, आणि तळातलं सगळं पाणी ओता. बोटींबरोबर पसरणाऱ्या झेब्रा शिंपल्यांमुळे टेक्ससमध्ये २०१४ पासून राज्यभर हा नियम आहे.

प्रश्न : अलिबागहून आलेल्या सासूबाई विचारतात, बास म्हणजे आपला जिताडाच ना? आणि घरी नेता येतो का? (मॅकिनी)

नाही. जिताड्याला इंग्रजीत एशियन सीबास म्हणतात, म्हणून गोंधळ होतो. तो खाडीत आणि गोड्या पाण्यात वाढला तरी अंडी घालायला समुद्राकडे जातो. लार्जमाउथ बास हा उत्तर अमेरिकेतला गोड्या पाण्याचा मासा, सनफिशच्या कुळातला.

परवाना असेल तर नेता येतो, पण मोजपट्टी हवी. लेक फोर्कवर १६ ते २४ इंचांमधला लार्जमाउथ सोडावाच लागतो. दिवसाला पाच ठेवता येतात, त्यांत २४ इंच किंवा मोठा एकच. तोंड मिटून आणि शेपटीची टोकं एकत्र दाबून मोजायचं. टेक्ससमध्ये नवे नियम १ सप्टेंबरला लागू होतात, तेव्हा त्या आधीची पुस्तिका बोटीत ठेवू नका. सोडायचा मासा ओल्या हाताने धरा, दुसरा हात पोटाखाली. नुसत्या जबड्यावर आडवा लटकवलेल्या मोठ्या बासचा जबडा दुखावतो.

कालवणासाठी बारा-चौदा इंची घ्या. कातडी काढा, कुशीच्या मधोमध असलेली लाल पट्टी कापून टाका, चिखलाचा वास बराच जातो. जिताड्याची चव मात्र येणार नाही, सासूबाईंना आधीच सांगून ठेवा.