"अजून एक वर्ष गेलं, मॅडम"

डिसेंबर लागला की माझ्याकडे समुपदेशनासाठी विशेष मुलांच्या आयांचे फोन वाढतात. शाळाशाळांतून गॅदरिंग सुरू असतात, नातेवाइकांच्या ग्रुपवर भाचरांचे नाचतानाचे, बक्षिसं घेतानाचे फोटो येत राहतात. आणि फोनवर एक वाक्य हमखास असतं: "अजून एक वर्ष गेलं, मॅडम. आमचं पोर आहे तिथंच आहे. माझंच काही चुकतंय का?"

ठाण्याच्या एका आईची गोष्ट सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदललेत. मुलगा नऊ वर्षांचा, स्वमग्न (ऑटिझम असलेला), बोलत नाही. बाई आल्या त्या थेरपीच्या रिपोर्टांची जाडजूड फाईल छातीशी धरून. बसायच्या आधीच म्हणाल्या, "जावेच्या मुलीने गॅदरिंगला निवेदन केलं. मी टाळ्या वाजवल्या आणि घरी येऊन बाथरूममध्ये रडले. इतकी कशी वाईट मी?"

अशा वेळी धीर द्यायची फार घाई होते. "अहो, केवढी प्रगती आहे त्याची!" हे त्यांनी सासरी, माहेरी, शाळेत सगळीकडे ऐकलं होतं आणि दर वेळी त्या गप्प झाल्या होत्या. मी त्यांना रडू दिलं. मग सांगितलं, अमेरिकेत सायमन ओल्शान्स्की या अभ्यासकांनी 1962 साली, त्या काळच्या शब्दांत 'मतिमंद' मुलांच्या पालकांबद्दल लिहिताना या दुःखाला नाव दिलं होतं: कायम सोबत राहणारं दुःख. पालकाला ते होणं त्यांनी स्वाभाविक मानलं, आजार नव्हे. माझ्याकडे येणाऱ्या घरांत ते वाढदिवसाला, निकालाला आणि वर्ष सरताना हटकून वर येतं. पुतणीचं कौतुक आणि स्वतःच्या लेकासाठीचं रडू एकाच संध्याकाळी येऊ शकतं.

मग विचारलं, "सलग सहा तास शेवटचं कधी झोपलात?"

त्यांना आठवेना. बऱ्याच स्वमग्न मुलांची झोप तुटक असते. हाही रोज रात्री अडीचच्या सुमाराला उठायचा आणि त्याच्यासोबत आई. नवऱ्याला पहाटेची लोकल, म्हणून त्यांना उठवायचं नाही, हे घरात कोणी न ठरवता ठरलेलं. मला तर वाटतं, त्यांच्या "काहीच झालं नाही या वर्षात" मधला निम्मा भाग या जागरणांचा होता.

पुढच्या भेटीला नवऱ्यालाही बोलावलं. बराच वेळ ते गप्प होते. मग म्हणाले, "हिला जमतं, म्हणून मी मध्ये पडत नाही."

"जमत नाही हो," त्या म्हणाल्या, "करावं लागतं."

त्या तासाभरात शनिवारची रात्र बाबाची, असं ठरलं. 31 डिसेंबरची रात्रही त्यांनी स्वतःहून मागून घेतली. आदल्या वर्षी सोसायटीतला डीजे आणि बाराचे फटाके सुरू झाल्यावर मुलाने भिंतीवर डोकं आपटून घेतलं होतं. म्हणून आतली खोली, खिडक्या बंद, पंखा फुल, कानांवर इअरमफ. त्याची सवय व्हावी म्हणून आठवडाभर आधीपासून रोज दहा मिनिटं ते लावायचे. दिराकडच्या पार्टीला "यंदा येत नाही" एवढंच कळवायचं, कारणं देत बसायचं नाही.

हे वाचताना कुणाला "आता जगणंच नको" असं वाटत असेल, तर वर्ष संपायची वाट पाहू नका. टेली मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा 14416 हा सरकारी क्रमांक मोफत आहे, दिवसरात्र सुरू असतो, मराठीत बोलता येतं.

2 जानेवारीला त्या आईचा मेसेज आला. मुलाकडे पाण्याच्या ग्लासाचं एक चित्रकार्ड आहे, कोपरा चावून चावून मऊ झालेला. तहान लागली की तो ते आईच्या हातात देतो, फक्त आईच्या. 31 तारखेला रात्री अडीचला तो उठला आणि कार्ड घेऊन तिच्या खोलीकडे निघाला. बाबाने हात पुढे केला. तो दारातच थांबला, बराच वेळ. मग कार्ड बाबाच्या तळहातावर ठेवलं.

"मला सकाळी कळलं," त्यांनी लिहिलं होतं. "मी झोपले होते."