लेकीच्या फीसाठी पुण्यातला फ्लॅट विकायचा का?

प्रश्न: आम्ही लेस्टरला असतो, सगळे सेटल्ड. मुलगा २०२१ ला युनिव्हर्सिटीत गेला तेव्हा स्टुडंट लोन घेतलं. मुलीचं २०२५ ला सुरू झालं, फी वर्षाला ९,५३५ पाउंड. हे म्हणतात ४० वर्षांचं कर्ज पोरीच्या डोक्यावर नको, पुण्यातला फ्लॅट विकू. काय करावं?

उत्तर: ताई, फ्लॅटला आत्ताच हात लावू नका. ४० वर्षं ऐकून पोटात गोळा येतो खरा, पण इंग्लंडचं हे सरकारी स्टुडंट लोन आपल्याकडच्या बँकेच्या एज्युकेशन लोनसारखं नाहीच, ना जामीनदार ना तारण, आणि पोरीचं काही बरंवाईट झालं (देव न करो) तर बाकी माफ होते, तुमच्या मागे कुणी लागत नाही. पगार वर्षाला २५,००० पाउंडच्या वर गेला की फक्त वरच्या रकमेचे ९ टक्के पगारातूनच परस्पर कापतात. ३०,००० पगार असेल तर वर्षाला ४५०, म्हणजे महिन्याला साडेसदतीस पाउंड. नोकरी गेली की कापणंही थांबतं.

आता गंमत बघा, नुसत्या फीचं तीन वर्षांचं कर्ज २८,६०० च्या आसपास, त्यावर ३ टक्के व्याज धरलं तरी साडेआठशेच्या वर जातं, म्हणजे ४५० भरूनही बाकी वाढतच राहणार, तेव्हा स्टेटमेंट बघून हबकू नका.

कोर्स कधी सुरू झाला त्यावर लोनचा प्रकार, म्हणजे ‘प्लॅन’ ठरतो. मुलाचा प्लॅन २, त्याला ३० वर्षांनी उरलेल्या कर्जाची माफी, पण व्याज महागाई दर अधिक ३ टक्क्यांपर्यंत. मुलीचा प्लॅन ५, व्याज महागाईइतकंच पण माफी ४० वर्षांनी. २०२३ मधला सरकारी अंदाज असा होता की २०२२ ला कोर्स सुरू केलेल्यांपैकी २७ टक्केच पूर्ण फेडतील, तर प्लॅन ५ च्या पहिल्या बॅचमधले ६१ टक्के. व्याज कमी केलं अन् वसुली वाढवली, आणि चिमटा बसतो तो मधल्या पगारवाल्यांना, मला तर हे पटत नाही.

म्हणून पोरीचा पगार बेताचा राहिला तर माफ होणारे पैसे तुम्ही फ्लॅट विकून भरले असं होईल, आणि दणदणीत कमावू लागली तर तिला कधीही जास्तीचे भरून लोन मिटवता येतं, दंड नाही. मात्र स्वतःहून भरलेले पैसे सहसा परत मिळत नाहीत.

आणि हो, उद्या ती नोकरीला पुण्यात आली तरी लोन सुटत नाही, ही लोन सांभाळणाऱ्या सरकारी स्टुडंट लोन्स कंपनीला कळवावं लागतं, आणि भारतासाठी पगाराची मर्यादा इंग्लंडपेक्षा बरीच खाली धरतात.